काजळगडातला भाऊ

काजळगड उघडला त्या दिवशी हर्षालीने शाळेतून आल्यावर जेवणाचं नाव काढलं नाही. उघडला म्हणजे मोबाइलवर उघडला. गेम होता तो. आठवीच्या तिच्या वर्गात कितीतरी दिवस त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि आता तो एकदाचा सुरू झाला म्हटल्यावर पोरीला भूक कुठली लागणार? सुषमाने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ताट आपटलं. काही उपयोग झाला नाही.

सुषमा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. सुरतेच्या गोडादऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत निम्म्या बायका तेच करत. नवरा भटू लूमच्या कारखान्यात, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. घरात चांगला मोबाइल एकच, तोही सुषमाचा. त्यामुळे गेम सुरू झाला तो तिच्याच मांडीशेजारी, गोंदाच्या वाटीला पोरीचा कोपर लागतोय की काय या काळजीत.

"अगं, सगळा काळोखच दिसतोय," ती म्हणाली. "पैसे देऊन काळोख बघायचा?"

"फुकट आहे मम्मी. आणि काळोखच असतो त्यात. गडावरचे दिवे कोणीतरी चोरलेत, ते शोधायचे."

गेम होता मात्र देखणा, हे सुषमालाही कबूल करावं लागलं. हर्षालीच्या हातात एक कंदील होता. त्याचा उजेड पडेल तेवढीच पायवाट दिसायची, बाकी सगळी झाडी काळीकुट्ट. कुठे विहीर, कुठे पडकं देऊळ, मागे लांडग्यांचं ओरडणं. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे आवाज. खेळणारे दुसरे लोक देशात कुठे कुठे बसलेले, पण गेममध्ये जवळ आले की त्यांचं बोलणं ऐकू यायचं. लांब असले तर पुसट, जवळ आले तर मोठं. माणूस कंदिलाच्या उजेडात येण्याआधी त्याचा आवाज यायचा. कोणी हिंदीत शिव्या घालत जायचं, कोणी गुजरातीत हसत. दरवेळी सुषमा दचकायची आणि हातातला खडा भलतीकडे चिकटायचा.

"बंद कर बाई ते. मला भीती वाटते."

"तुला कुठे खेळायचंय?" पोरगी म्हणाली, आणि तेवढ्यात लांडग्यांनी तिला घेरलं.

हर्षाली ओरडली. कंदील विझत आला. मग काळोखातून एक आवाज आला, आधी पुसट, मग जवळ, मग अगदी कानाशी. "घाबरू नको बहीन. मी शे ना."

सुषमाचे हात थांबले. लग्न होऊन सुरतेत आल्यापासून तिने किती भाषा ऐकल्या त्याला गणती नाही. शेजारी उडिया, समोर बिहारी, भाजीवाला गुजराती, आणि स्वतःची पोर हिंदीत भांडणारी. अहिराणी उरली होती ती घरात आणि भाऊबंदांत. आणि इथे मोबाइलमधून, त्या भुताटकीच्या रानातून, कोणीतरी तिच्या माहेरच्या बोलीत धीर देत होतं. उजेडात एक उंच घोडेस्वार आला. डोक्यावर नाव होतं, काळा वाघ. त्याने लांडगे कापून काढले.

सुषमाने पोरीच्या हातातून मोबाइल जवळजवळ ओढूनच घेतला. "कोठला शेस रे भाऊ तू?"

"पारोळाकडला, ताई. तुम्ही?"

मग काय विचारता! गोंद वाटीत वाळून गेला. सुषमाने माहेर सांगितलं, सासर सांगितलं. भटू कोणत्या पाळीला असतो ते सांगितलं. गोडादऱ्यात पाण्याच्या टाकीमागची गल्ली, दुसरा मजला, दाराला निळा रंग, तेही सांगितलं. हर्षालीचा क्लास कुठे आहे आणि ती एकटीच जाते-येते याचं कौतुकही करून झालं. तो विचारतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. आपणच भरभरून बोलतोय असं वाटलं, आणि बरं वाटलं.

"परक्या माणसाला काही सांगायचं नाही म्हणतेस ना मला?" मोबाइल परत घेताना हर्षाली म्हणाली.

"तो परका आहे का? आपला माणूस आहे तो," सुषमाने सुनावलं.

त्यानंतर काळा वाघ रोज असायचा. हर्षालीने गेम उघडला की काळोखातून तोच आवाज जवळ यायचा. त्याने तिला चांगली तलवार दिली, दिव्याच्या गुहेची वाट दाखवली. पोरगी त्याला दादा म्हणू लागली. सुषमा आत पोळ्या करता करता ऐकायची आणि मनात म्हणायची, चला, पोरीला भाऊ नव्हता, एक मिळाला.

एका संध्याकाळी ती गच्चीवरून कपडे घेऊन आली तेव्हा पायऱ्यांवरच तिला तो आवाज ऐकू आला. "तुनी माय घर शे का?"

"नाही, वर गेलीय."

"मंग ठीक," आवाज म्हणाला. "आते बोल. क्लासले जातीस ती गल्ली सुनी ऱ्हास का?"

सुषमा कपड्यांचा ढीग छातीशी धरून तिथेच उभी राहिली. रोजच तो आधी हे विचारत असेल का? तिने आठवून पाहिलं. ती मोबाइलजवळ असली की तो लांडग्यांचं, दिव्यांचं बोलायचा. ती उठली की त्याचा आवाज हळू व्हायचा. हे तिला ऐकू येत होतं, फक्त तिने ऐकलं नव्हतं.

आत गेल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. तसा तिचा स्वभाव आरडाओरड्याचाच, पण आज तिला आधी त्याची पारख करायची होती. तिने मोबाइल घेतला आणि शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, रविवारले आमना घर कानबाई शे. रोट खावाले ये."

खान्देशातल्या कुठल्याही लेकराला हे ऐकून ठसका लागला असता. श्रावणात घरी कानबाई देवी बसते, घरातल्या माणसांच्या नावाने मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट होतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कोणालाही देत नाहीत. जिवलग शेजाऱ्यालाही नाही. दर्शनाला या, गाणी म्हणा, पण रोटाला हात नाही. बोलावलं तर खरा माणूस म्हणेल, अवो ताई, आपलं कूळ एक आहे का? किंवा हसेल तरी.

"येसू ना ताई," आवाज लगेच म्हणाला. "रोट माले गंज आवडस."

बोली त्याची नव्हती, तो ती शिकला होता. कुठे शिकला, कोणाच्या घरात, कोणाच्या पोरीकडून, या विचाराने सुषमाच्या अंगावर काटा आला. तिने गेम बंद केला, मोबाइलवरून काढूनच टाकला. आणि मग तिच्या लक्षात आलं की पारख करण्याच्या नादात आपण त्याला घरी बोलावून बसलोय.

भटूला सांगितलं तर तो आधी हसला. "गेममाईन कोन येस घर?" पण तिचा चेहरा पाहून हसू आवरलं. पोलिसांत जाऊ म्हटल्यावर मात्र त्याने नकारार्थी मान हलवली. "चौकीत गेलो तर पहिलं नाव पोरीचं निघेल," तो म्हणाला. "भाऊबंदांत कळलं तर काय काय बोलतील ते तुला माहीत आहे. गेम काढलास ना? संपलं मग."

संपलं नव्हतं. सुषमा रोज हर्षालीला क्लासला सोडायला जाऊ लागली, आणायला जाऊ लागली. कोणतीही मोटरसायकल हळू झाली की ती पोरीचा हात घट्ट धरायची. निळ्या दाराला दुसरा रंग द्यावा असंसुद्धा तिच्या मनात आलं. गेम काढला म्हणून पोरगी तिच्याशी बोलत नव्हती. खरं कारण सांगावं तर ते सांगायला सुषमाची जीभ रेटत नव्हती, कारण पत्ता पोरीने नाही, आईने दिला होता.

रविवार उजाडला. यंदा कानबाई त्यांच्याच घरी होती. नारळाला नथ घातली, चौरंगावर बसवली, आणि दुपार कलताच भाऊबंद जमू लागले. उधन्याहून, बमरोलीहून, कोणी थेट पलसाण्याहून. वर्षातून एकदा भेटणारे चुलते-पुतणे, त्यांची मोठी झालेली पोरं, कोण कोणाचा हे ओळखता ओळखता म्हाताऱ्या कलाबाईंचीही तारांबळ उडायची. कलाबाई भटूच्या चुलती, कानबाईचा सगळा कारभार त्यांच्याकडे. रोटाच्या पंगतीला बसला म्हणजे तो आपलाच, एवढं धरून त्या ताट पुढे सरकवायच्या. कोणीच कोणाला विचारत नसे. सुषमाला आज पहिल्यांदा या गोष्टीची भीती वाटली.

दिवेलागणीच्या आधी पंगत बसली. सुषमा स्वयंपाकघरात खीर वाढून घेत होती. बाहेर बायकांची गाणी चालली होती. आणि गाण्याच्या मधल्या थांब्यात जिन्याखालून एक आवाज आला.

पुसट. कोणाला तरी दुसरा मजला विचारत होता.

मग जवळ. "कानबाई मायना दर्शनले उनू."

मग अगदी दाराशी. सुषमाच्या हातातली पळी खिरीत बुडाली. अगदी तसंच, आधी आवाज, मग माणूस. तिला हाक मारायची होती, भटूला, कोणालाही, पण तोवर माणूस आत आला होता.

"ये भाऊ, बस बस," कलाबाई म्हणाल्या. "पाणी दे वं त्याले कोनी."

दगा आप्पा म्हणजे भटूचे थोरले चुलतभाऊ. त्यांनी सरकून जागाही करून दिली. त्यांना वाटलं भटूच्या बाजूचा असेल. भटूला वाटलं आप्पांचा. सुषमा दाराच्या चौकटीला धरून पाहत राहिली. तिने मनात कोणी दैत्य रंगवला होता. हा साधा माणूस होता, तिच्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, हातात नारळ. उद्या भाजीच्या गाडीशी शेजारी उभा राहिला असता तर तिने वळूनही पाहिलं नसतं. त्याने नारळ चौरंगाशी ठेवला, पण कानबाईकडे पाहिलं नाही. तो आतल्या दाराकडे पाहत होता.

त्याच्या ताटात रोट पडला.

आणि सुषमाच्या बगलेखालून हर्षाली बाहेर आली. तो आवाज तिनेही ऐकला होता. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला. "दादा?" ती म्हणाली. "तू खरंच आलास?"

तो हसला. "वळखं ना माले?" म्हणत त्याने आपल्या शेजारची जागा हाताने थोपटली. पोरगी एक पाऊल पुढे गेली.

तेवढ्या एका पावलात सुषमाला सगळं दिसलं. आता ओरडली तर भाऊबंदांत पोरीचं नाव बदनाम होणार, उधन्यापासून पलसाण्यापर्यंत. हिने काय केलं, कोणाशी बोलत होती, आई झोपली होती का. आणि गप्प राहिली तर हा माणूस रोट खाऊन, आपला होऊन, पुन्हा कधीही हे दार वाजवणार. आणि पोरगी उघडणार.

तिने हर्षालीचा दंड धरून तिला मागे ओढलं, इतक्या जोरात की पोरगी कळवळली.

"हाऊ मानूस कोना शे?" सुषमा ओरडली. "आप्पा, तुमना शे का? काकू, तुमना? सांगा ना कोनीतरी!"

गाणं थांबलं. आप्पांनी भटूकडे पाहिलं, भटूने आप्पांकडे. मग पंगतीतल्या सगळ्यांनी त्या माणसाकडे. हातातले घास तसेच राहिले. भटूने हातातला घास ताटात टाकला. त्याला कळलं होतं.

तो माणूस मात्र जागचा हलला नाही. तो सुषमाकडे पाहून समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुम्हीच त बलावं ना माले."

आता सगळे तिच्याकडे पाहू लागले. कलाबाई, आप्पा, पलसाण्याच्या जावा. आणि हर्षाली, दंड चोळत, डोळ्यांत पाणी आणून, आईकडे. सुषमाला वाटलं होतं या क्षणी आपल्याला लाज वाटेल. भीती तेवढी वाटत होती, लाज नाही.

"हां," ती म्हणाली. "मीच बलावं. घर मी सांगं, पोरना क्लास मी सांगा, मन्ही पोरनी काहीच सांगं नही. आते हाऊ कोन शे ते तुम्ही दखा."

तो माणूस उठू लागला. त्याच्या शेजारचे आप्पाही उठले, मग भटू, मग एकेक करून अख्खी पंगत. सुषमाने हर्षालीला कलाबाईंच्या कुशीत ढकललं, वाढलेल्या ताटांमधून वाट काढत त्याच्या आधी निळ्या दारापर्यंत गेली आणि आतून कडी घातली.