न्हाव्याचा उजवा हात

“श्वास सोड, तिहामी! कोंडून धरलास तर उभ्या उभ्या पडशील!”

मिलूद उस्ताद दोरांबाहेरून ओरडत होता. आत रिंगणात होता तो तिहामी, माझा थोरला. छत्तीस वर्षांचा न्हावी. लढत सुरू होऊन मिनिट झालं नव्हतं, आणि त्याचे हात शिसं ओतल्यासारखे खाली आले होते.

मी बायकांच्या बाकावर पायघोळ जेलाबा अंगाभोवती आवळून बसले होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता. माझ्या तोंडातून! बघा म्हणजे.

त्याला इथवर ढकललं ते मीच. बाजारात एका मासळीवाल्याने भर गर्दीत त्याच्या कानाखाली वाजवली आणि हा गाल चोळत घरी आला. मी सुनांसमोर म्हणाले, “तुझ्या बापाचा वस्तरा तुला दिला, तिथंच चुकलं. बांगड्या द्यायला हव्या होत्या.” दुसऱ्या दिवशी त्याने मिलूदच्या तालमीत नाव घातलं. तीन आठवडे दोरीवरच्या उड्या मारल्या, पोतं बडवलं. आज नवशिक्यांची लढत होती. लाथा, ठोसे, सगळं पुऱ्या ताकदीने.

मिलूदने मला दारातच अडवलं होतं. “लाल्ला, पोतं काही उलटून मारत नाही. ह्याला सहा महिने द्या.”

“आमच्या घरात सहा महिने कुणी तोंड लपवून बसत नाही.”

“तोंडाचं राहू द्या, मी हाताचं बोलतोय. नवख्याची मूठ वाकडी बसते, हाड मोडतं. मग वस्तरा तुम्ही धरणार?”

मी त्याच्या अंगावरून आत गेले.

समोरचा फरशा बसवणारा होता, तोही नवखाच. दोघं डोळे मिटून हात फिरवत होते. मग त्याची लाथ तिहामीच्या मांडीवर बसली. दगडावर ओला कांबळा आपटावा तसा आवाज आला. तिहामी लंगडला, आणि त्या लंगडण्यातच त्याचा उजवा हात सुटला. कपाळावर. कट्कन वाजलं. फरशीवाल्याची भुवई फाटली, रक्त गालावर आलं.

आणि माझ्या पोराने काय करावं? दोन्ही हात खाली घेतले. डाव्या हातमोज्याने त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, दुकानात गिऱ्हाईकाला पातं लागल्यावर वळवतो तशी. उजवा हात कमरेशी गेला, खिसा चाचपायला. तुरटी काढायला.

“माफ कर रे भाऊ,” तोंडातल्या रबरातून तो पुटपुटला.

फरशीवाला क्षणभर गोंधळला. मग त्याने मारलं. तिहामी पाठीवर आडवा झाला.

सगळी तालीम हसली. मी नाही हसले. त्याच्या बापाची तीच खोड होती.

मिलूदने पट्ट्या सोडल्या. करंगळीचा सांधा आत गेला होता, पंजा पावासारखा फुगला होता.

“यम्मा, पडलो मी.”

“दिसलं मला. मूठ मिट.”

मिटेना. त्याने माझ्याकडे बघितलं, मी भिंतीकडे.

दवाखान्यात सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. बोटं पहिल्यासारखी वळतील का, विचारलं तर डॉक्टर म्हणाला, “बघू.”

शनिवारी सकाळी मी दुकानात गेले. चाळीस वर्षांत तो उंबरठा मी ओलांडला नव्हता. पुरुषांची जागा ती. तिहामी पांढरा हात मांडीवर ठेवून बसला होता. तेवढ्यात हाज बूअज्जा आला. नवऱ्याच्या वेळचं गिऱ्हाईक, ऐंशीचा म्हातारा. प्लास्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत बसला.

“डावा शाबूत आहे ना?”

“हाज, डाव्याला सवय नाही. पातं लागेल.”

“लागू दे की. मला काय आता कुणी मुलगी दाखवणार आहे?” म्हातारा मान मागे टाकून डोळे मिटून पडला.

तिहामीला वाटी धरता येईना. मी त्याच्या हातून ती घेतली, फेस केला, लावला. दारातून दोघांनी आत डोकावलं.

“काय बघता? दाढी करायची असेल तर बसा,” मी म्हणाले. बसले.

पातं गळ्याशी टेकलं. मी तिहामीच्या छातीकडे बघितलं. ती हलतच नव्हती.

“श्वास सोड,” मी हळूच म्हणाले.

त्याने सोडला. वस्तरा खाली सरकू लागला. माझ्या मुठीत तुरटीचा खडा होता, घामाने भिजलेला.