ग्रॅनाइटचा फवारा

लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्या बाईंना चाळीस कोस्टर हवे होते. कोस्टर म्हणजे ग्लासाखाली ठेवायच्या लाकडी चकत्या, पण त्या दिसायला हव्यात दगडाच्या. आमच्या बेडशात पावलापावलाला खऱ्या दगडाची ठेच लागते, आणि या लोकांना दगडाचं सोंग हवं. असो. मी व्हिडिओ बघून शिकले होते. आधी काळा हात द्यायचा, मग स्पंजनं राखाडी ठिपके, आणि वरून ग्रॅनाइट रंगाचा फवारा.

फवारा घरात मारू नका, असं व्हिडिओतली बाई सांगत होती. म्हणून मी मागच्या बांधावर गेले. तिथं सपाट जागा एकच, म्हसोबाच्या पुढ्यातली फरशी. मी चकत्या मांडल्या, डबा दाबला आणि नेमका वारा फिरला. म्हसोबाच्या शेंदरावर राखाडी ठिपके उठले. घाबरून थिनरची चिंधी फिरवली, तर ठिपक्यांबरोबर शेंदूरही निघून आला. सासऱ्यांच्या आजोबांपासून चढत आलेला शेंदूर. खाली नुसता काळा दगड उरला.

देवाची भीती वाटलीच, पण खरं सांगते, सासूबाईंची त्याहून जास्त वाटली. त्यांनी या म्हसोबाला नारळ दिल्याशिवाय आजवर कधी पेरणी केलेली नाही. ओल्या चकत्या आणि झाकण न लावलेला थिनरचा डबा मी घरात आणून पलंगाखाली सारला, आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. पलंगावर माझी चार वर्षांची सृष्टी झोपली होती. मी मोरीत जाऊन हाताचा रंग घासत बसले.

तासाभरानं उठवायला गेले, तर पोरगी उठेना. उशीवर उलटी, ओठ पांढरे, मान सैल. डोळे अर्धे उघडायचे आणि परत मिटायचे. म्हसोबानं गाठलं, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

तेवढ्यात सासूबाई रानातून आल्या. नातीकडं बघून त्यांनी पदर खोचला. "बाहेरचं दिसतंय. म्हसोबाचा अंगारा आणते, तू हिला धर."

"आत्याबाई, नका जाऊ."

"का गं?"

सृष्टीला उचलायला वाकले, तसा पलंगाखालचा उग्र वास नाकात शिरला आणि माझंच डोकं गरगरलं. तेव्हा कळलं. पोरीला मीच या वासात कोंडलं होतं. मग मी सगळं सांगून टाकलं, फवारा, थिनर, शेंदूर, सगळं.

सृष्टीला सासूबाईंनी माझ्या हातातून ओढून घेतलं, अंगणात नेलं आणि शेजारच्या पप्पूला रिक्षा काढायला लावली. कामशेतच्या दवाखान्यापर्यंत मी पोरीची छाती हलते का, तेवढंच बघत होते. मध्येच ती थांबल्यासारखी वाटायची आणि मी तिच्या नाकाशी बोट धरायचे.

डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासानं सृष्टी रडली. तिचं रडणं इतकं गोड मला कधीच लागलं नव्हतं.

"वेळेत आणलीत म्हणून," डॉक्टर म्हणाले आणि चिडून माझ्याकडं वळले. "डब्यावर लिहिलेलं असतं ना, हवा खेळती ठेवा म्हणून? दारं-खिडक्या कशाला लावून घेतल्या?"



सासूबाई सृष्टीचे तळपाय चोळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"माज्या भ्यानं," त्या म्हणाल्या.