तीन मिनिटांचं निवेदन

ज्ञानदेव गजभिये मास्तरांनी आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या. शाळेत पोरांना शिकवलं आणि सरकारला निवेदनं लिहिली. तहसीलदार, कलेक्टर, मंत्री, कुणालाच सोडलं नाही. उत्तर आलंच तर ठरलेलं असायचं: आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले आहे. ते पुढे कुठे गेलं, हे चाळीस वर्षांत मास्तरांना कळलं नाही. पण माणूस हट्टी. पुढच्या आठवड्यात नवा कागद तयार.

असे हे मास्तर अठ्ठ्याऐंशी साली नागपुराहून अमेरिकेत, पार्सिपनी गावी लेकीकडे आले. पद्मिनी तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. घर ऐसपैस, दारात दोन गाड्या. बाप खूश व्हायला हवा होता. झालाही, बेडरूममध्ये डोकावेपर्यंत. बाबासाहेबांचा फोटो तिथे, कपाटाशेजारी. हॉल मोकळा.

"मंडळाचे लोक येतात ना बाबा," पद्मिनी म्हणाली. "उगाच विषय निघतो."

महाराष्ट्र मंडळात ती सात वर्षं जात होती. आडनावावरून सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि कुणीच काही बोलत नव्हतं. तीही नाही. मास्तरांना ते फार लागलं. ज्या बापानं उभ्या जन्मात तोंड मिटलं नाही, त्याच्या लेकीनं मिटावं?

त्यातच ती बाटली आली. पार्किंगमध्ये तीन पोरांनी गाडीतून फेकली, "हिंदू, घरी जा" असं ओरडत. पद्मिनीच्या भुवईला पाच टाके पडले. ज्या धर्माचा गजभिये कुटुंबानं छप्पन्न सालीच निरोप घेतला होता, त्याच्या नावानं त्यांची पोर रक्तबंबाळ झाली! मारणाऱ्यांना एवढी चौकशी करायला कुठली फुरसत? त्यांनी कातडीचा रंग बघितला आणि काम उरकलं.

त्या वर्षी असे प्रकार बरेच झाले होते. वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय समितीनं न्यूयॉर्कला सुनावणी ठेवली. देशोदेशीचे सदस्य ऐकणार होते आणि प्रत्येक समाजातून एकानं तीन मिनिटं बोलायचं होतं. मंडळानं पद्मिनीचं नाव दिलं आणि मंडळाचे अध्यक्ष बाळ कर्णिक भाषणाचा कागद घेऊन घरी आले. इंजिनिअर माणूस, मनानं चांगला. पद्मिनीला टाके पडले त्या दिवशी इमर्जन्सीत पहिले तेच धावले होते.

"मी ड्राफ्ट केलंय," ते म्हणाले. "टोन पॉझिटिव्ह ठेवलाय. इम्प्रेशन चांगलं पडायला हवं."

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. आम्ही डॉक्टर आहोत, इंजिनिअर आहोत. वेळेवर टॅक्स भरतो. आमची मुलं वर्गात पहिली येतात.

"कर्णिकसाहेब, ही तक्रार नव्हे. हा नोकरीचा अर्ज आहे," मास्तर म्हणाले. "आणि जो डॉक्टर नाही, त्याला बाटली मारलेली चालते का?"

"तसं नाही हो मास्तर."

"तसंच आहे. सांगायचंच तर पोरीनं गावापासून सांगावं. तिच्या घराण्याला हा अनुभव काही अमेरिकेत आल्यावर आलेला नाही."

बाळ कर्णिकांचा चेहरा पडला. "ते आपलं घरातलं झालं. परक्यांपुढे कशाला काढायचं?"

"घरातलं? त्या घरात आम्हाला आत घेतलं होतं कधी?"

पद्मिनीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. "बघते, काका," एवढंच म्हणाली.

बघते! मास्तरांचं रक्त खवळलं. पण पुढचं त्यांना कळत होतं. बापाचं ऐकलं तर सात वर्षांची माणसं तुटतील. आजारपणात डबा आणणारी, तिच्या मुलांना क्लासला सोडणारी. मास्तर महिन्याभरानं नागपूरला परतणार. इथे राहायचं होतं ते तिला. म्हणून त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि हे त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत अवघड मौन होतं.

सुनावणीच्या दिवशी मास्तर कोट घालून प्रेक्षकांत बसले. प्रत्येक खुर्चीला कानात लावायचा फोन होता. वेगवेगळ्या भाषांतून भाषांतर ऐकायला एक बटण होतं. मास्तरांनी ते फिरवलं आणि नेमकं पद्मिनी बोलायला उभी राहिली तेव्हा कानात कोणी बाई फ्रेंच बोलू लागली. बटण उलटं फिरवलं, सुलटं फिरवलं. ढिम्म. फोन काढावा तर तिचा आवाज इतक्या लांब पोचत नव्हता. समोर लेक बोलतेय आणि बापाला अक्षर कळत नाही!

ती कुठला कागद वाचतेय? मास्तरांनी शेजारी पाहिलं. बाळ कर्णिकांच्या मांडीवर मसुद्याची प्रत होती. त्यांचं बोट ओळीवरून सरकत होतं. पहिली ओळ. दुसरी. म्हणजे मंडळाचाच कागद.

तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. कर्णिकांनी मान वर केली.

आणि त्याच वेळी त्या फ्रेंच बाईच्या तोंडून, न कळणाऱ्या शब्दांच्या गर्दीतून, स्वच्छ ऐकू आलं: "मस्यो किसन गजभिये."

मास्तरांनी बटण सोडलं. किसन म्हणजे त्यांचे वडील. मेलेली गुरं ओढायचे. पाटलाच्या विहिरीच्या काठाला हात लागला म्हणून भर चावडीत मार खाल्लेला माणूस. गावानं त्यांना जन्मभर जातीच्या नावानं हाक मारली. नाव त्यांच्या घरच्यांनाच माहीत होतं. आज ते समितीच्या टेबलावर लिहून घेतलं जात होतं. कोण कुठली ती बाई, आदरानं त्याच्याआधी मस्यो, म्हणजे श्रीयुत, लावत होती.

पद्मिनी कागदाकडे बघतसुद्धा नव्हती. ताठ उभी होती. भुवईवरचा व्रण दिव्यांत चमकत होता. तिची तीन मिनिटं संपली तेव्हा समितीतले एक वयस्कर आफ्रिकन सदस्य पुढे झुकून काहीतरी म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या.

बाळ कर्णिकांनी प्रत घडी केली. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. मग त्यांनी वाजवल्या, आधी हळू, मग नीट. मास्तरांकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. कानातल्या फोनमुळे मास्तरांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

"किसन कोण?"

कानात फोन असला की आपला आवाज किती चढलाय, हे माणसाला कळत नाही. मास्तर उभे राहिले आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझे वडील!"