दोघींचा एकच कोच

मी तापट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं टेनिस शिकवतोय आणि तीस वर्षं पोरांवर खेकसतोय. पण ज्या सकाळी खरी चूक केली, त्या सकाळी माझा आवाजही चढला नव्हता. शांतपणे, विचार करून केली. म्हणून तर ती घशाखाली उतरत नाही.

परदेशातल्या छोट्या स्पर्धा खेळत फिरणं म्हणजे काय, हे टीव्हीवर टेनिस बघणाऱ्यांना कळायचं नाही. चेंडू उचलायला कुणी नसतं, आपले आपण गोळा करायचे. प्रेक्षक मोजून चार, त्यातले दोघे कोर्ट रिकामं व्हायची वाट बघत बसलेले. दर आठवड्याला नवं शहर आणि तसंच स्वस्तातलं हॉटेल. नाश्त्याला टोस्ट आणि उकडलेली अंडी, ज्यांच्याशी दुपारी झुंजायचं त्यांच्याच टेबलावर. मी दोन मुलींना घेऊन असा फिरत होतो. एक माझी स्वतःची, वय अठ्ठावीस. सगळे खेळाडू तिला ताईच म्हणत. दुसरी एकोणीस वर्षांची, अंगापिंडाने एवढीशी, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणायचो. नाव चिमणी, पण फटका मारला की समोरचीच्या हातातली रॅकेट हलायची.

चिमणीला माझ्या हवाली करताना तिची आई एकच वाक्य बोलली होती. "सर, तुमची मुलगीही सोबत आहे, म्हणून विचारते. आमच्या मुलीकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना?" अहो, नाकाला मिरच्याच झोंबल्या मला! मी म्हणालो, "बाई, कोर्टवर मला मुलगीबिलगी नसते." आणि त्या दिवसापासून हेच वाक्य खरं करून दाखवायचा चंग बांधला.

ताईचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता. फिजिओ आणि मी, आम्हा दोघांनाच ते ठाऊक. समोरच्याला दुखणं कळू देणं म्हणजे त्याच्या हातात काठी देणं, हे या खेळात शेंबडं पोरही जाणतं. ती एका हाताने बॅकहँड मारते. चेंडू खांद्याच्या वर उसळला की तिला कळ यायची, पण तोंडातून ब्र काढायची नाही. तीन-चार चेंडू तसे आले की पुढचा आखूड पडायचा.

त्या सकाळच्या तीन आठवडे आधी चिमणीही खांदा चोळताना दिसली. विचारलं तर "काही नाही सर, झोपेत अवघडला असेल." मला धस्सच झालं. तिला बाजूला घेऊन म्हणालो, "लपवू नकोस गं. ताईने लपवला, आता काय झालंय बघ." आणि मग सगळं सांगितलं. कुठला चेंडू तिला झेपत नाही, कितव्या चेंडूला ती मोडते, सगळं. पोरीच्या भल्यासाठीच सांगितलं. चिमणी दुसऱ्या दिवशी फिजिओकडे गेली, बरी झाली, आणि मी विसरून गेलो.

मग ती स्पर्धा आली. ताईचं जागतिक क्रमवारीतलं नाव एका गुणावर लटकलेलं होतं, आणि गुण वर्षभरच टिकतो, म्हणून तो सोमवारी गळून पडणार होता. पहिली फेरी जिंकली तर नवा गुण, नाही तर नाव बाहेर. "बाबा, नाव गेलं की मी रॅकेट ठेवणार," तिने आधीच सांगितलं होतं. "पुन्हा तळापासून चढायला आता हा खांदा साथ देणार नाही." वीस वर्षांचा संसार होता तो तिचा, आणि माझाही.

क्लबच्या काचेच्या दारावर सामन्यांचा कागद लागला. ताईच्या नावासमोर चिमणीचं नाव.

मी तो कागद तीनदा वाचला. इकडे आड, तिकडे विहीर! आमच्यात एक रीत आहे. एकाच कोचच्या दोन खेळाडू समोरासमोर आल्या की कोच कोर्टकडे फिरकत नाही, आणि कुणालाही काही शिकवत नाही. मीही दोघींना जेवताना सांगितलं, "उद्या मी कपडे धुणार. तुमचं तुम्ही बघा." ताई हसली. चिमणी ताटातच बघत राहिली.

सकाळी दार वाजलं. चिमणी. आत येईना.

"सर, ते ताईच्या खांद्याचं... मी तसं खेळू का?"

तिला हाकलून द्यायला हवं होतं. एरवी हाकललंच असतं. पण मला तिची आई आठवली. नको खेळूस म्हणालो, तर बापाने लेकीला वाचवलं असं होणार. 

"माझ्या जागी दुसरा कोच असता तर काय म्हणाला असता?" मी विचारलं.

"खेळ म्हणाला असता."

"मग मी काय वेगळा आहे?"

ती मान हलवून गेली. आणि खरं सांगू? दार लावताना मला स्वतःचा अभिमान वाटला. बघा, म्हटलं, असा असतो निःपक्षपाती माणूस. मूर्ख कुठला!

हॉटेलच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. दोन मशीन, एक ड्रायर, एक प्लास्टिकची खुर्ची. दोघींचे मोजे, स्कर्ट, टॉवेल घालून मी बसून राहिलो. धुऊन झालं, वाळून झालं, घड्या झाल्या. मग घड्या मोडून पुन्हा घातल्या.

दोन तासांनी ताई आली. खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. मशीनला टेकून उभी राहिली.

"पहिला सेट मी घेतला," ती म्हणाली. "दुसऱ्यात ती मागे पडायला लागली, आणि मग उंच टाकायला लागली. प्रत्येक चेंडू खांद्यावर. रडत होती हो खेळताना, पण टाकत होती."

मी हातातल्या टॉवेलची घडी पुन्हा मोडली.

"तुम्ही सांगितलंत ना तिला?"

"तीन आठवड्यांपूर्वी. तिचा खांदा दुखत होता म्हणून."

"आणि आज सकाळी?"

"आज तिने विचारलं. मी नाही म्हणालो नाही."

आपलेच दात, आपलेच ओठ. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला कसं उत्तर द्यायचं ते मला येतं. ती खाली फरशीवर बसली.

"मीही आले होते सकाळी तुमच्या दारापर्यंत," ती म्हणाली. "तिच्या सर्व्हिसचं विचारायचं होतं. दबाव आला की ती कुठे टाकते, हे तुम्हाला नक्की माहीत असणार. मग म्हटलं, नको, बाबांना अवघड होईल. परत फिरले."

ते मला माहीत होतं. चिमणी घाबरली की दर वेळी मधोमध टाकते. एका वाक्यात सांगता आलं असतं.

"मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

हो म्हणायची मला फार इच्छा झाली. जीव तुटत होता. पण या पोरीशी मी कधी खोटं बोललो नव्हतो, आणि तिला ते लगेच कळलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "तुला रागावून परत पाठवलं असतं."

"परक्या पोरीला सांगितलंत, आणि मला नसतं सांगितलं."

"हो."

तिने डोळे पुसले. मग माझ्या मांडीवरच्या ढिगातून स्वतःचे कपडे वेगळे करायला लागली.

"उद्या दोनची बस आहे. मी घरी जाते."

"मी येतो तुझ्याबरोबर."

"आणि तिची उद्या मॅच आहे ती? तिच्या आईला काय सांगाल?" तिने आवाज न चढवता विचारलं. माझ्यासारखी ती कधीच खेकसत नाही, आईवर गेलीय. "बसा तुम्ही. कोर्टवर तुम्हाला मुलगी नसतेच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची बॅग मी खाली आणून ठेवली. बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावर घे म्हणालो, ती बरं म्हणाली. बस थांब्यापर्यंत यायला तिने नको म्हटलं आणि मला क्लबवर जायचंच होतं.

चिमणी छान खेळत होती. दर गुणानंतर माझ्याकडे बघायची, मी ओरडून सांगेन म्हणून. दोन वाजले तेव्हा दुसरा सेट चालू होता, आणि मी कुंपणापाशी उभा राहून टाळ्या वाजवत होतो.