सातवं प्रकरण

घरात थोरल्या जावेला सगळे लेखिकाबाई म्हणत. चार कादंबऱ्या नावावर होत्या, त्यामुळे त्या थट्टेतही मान होता. धाकटी जाऊ रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नमुने घ्यायची. ती काही लिहीत असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. एका रविवारी तिनं पिशवीतून जाडजूड वही काढली आणि म्हणाली, "ताई, जरा वाचून सांगाल का? हसू नका हं." थोरलीनं मोठ्या मनानं वही घेतली. मोठं मन दाखवायला तिला आवडायचं.

सहा प्रकरणं ते मन मोठंच राहिलं. वाक्यं लांबली होती, पात्रं मधेच गायब होत होती. थोरली पेन्सिलीनं खुणा करत मजेत वाचत होती.

सातव्या प्रकरणातली सून अंथरुणाला खिळलेल्या सासूला औषध देत होती. तिला दुसऱ्या गावी मोठ्या हुद्द्याची नोकरी चालून आलेली. सासू असेपर्यंत जाता येणार नव्हतं. आणि त्या घरात तिला 'चिमणे' म्हणून हाक मारणारं तेवढं एकच माणूस होतं. ती चमचा पुढे करते. म्हातारी तोंड मिटून घेते. सुनेला हायसं वाटतं. मग त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटते, की ती पलंगाशी बसून गयावया करते, "घ्या ना, एवढा एकच घ्या."

थोरलीनं पेन्सिल खाली ठेवली.

सासूबाई दोघींच्या एकच होत्या. जाण्याआधी अकरा महिने धाकटीकडे पडून होत्या आणि थोरली दर रविवारी त्यांना भेटून यायची. तो चमचा, ते मिटलेलं तोंड तिनंही पाहिलं होतं. तिला त्यात काहीच दिसलं नव्हतं. गेल्याच महिन्यात संपादक तिला म्हणाले होते, "बाई, तुमची माणसं एका वेळी एकच गोष्ट मागतात. दोन्हीकडून ओढ लागली की माणूस जिवंत होतो." तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आणि हिला, दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या हिला, ते कुणी न सांगताच जमावं!

आठवडाभर ती ते प्रकरण पुन्हापुन्हा वाचत राहिली. चूक शोधायला. चूक सापडेना.

पुढच्या रविवारी धाकटी आली तशी थोरली म्हणाली, "बाकी ठीक आहे. सातवं प्रकरण तेवढं काढून टाक. घरातलं चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं."

धाकटीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तेच जरा बरं जमलंय."

"सुरुवातीला असंच वाटतं."

"तुम्हाला कळतं त्यातलं," असं म्हणून धाकटीनं तिथल्या तिथे पानं फाडली आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या डब्यात टाकली. ती गेल्यावर थोरलीनं गाळणीतला चहाचा चोथा त्या पानांवर झटकला. शाई पसरेपर्यंत ती तिथे उभी होती.

त्यानंतर थोरलीच्या लिखाणाचं मात्र तंत्र बिघडलं. कुठलीही बाई कागदावर आणली की तिच्या हातात चमचाच यायचा. एका सकाळी तिनं ते प्रकरण आठवणीतून सरळ उतरवून काढलं, शब्दन् शब्द. चमच्याऐवजी वाटी घातली. सासूच्या जागी आई आणली. वाचलं, तर ते तिच्या चारही कादंबऱ्यांपेक्षा सरस होतं.

त्याच दिवशी धाकटीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून ती म्हणाली, "ताई, वही बंद करून ठेवलीय. ते प्रकरण गेलं आणि सासूबाई दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं बघा."

थोरलीनं पाय ओढत का होईना, प्रयोगशाळा गाठली. बाकावर बसलेल्या माणसांच्या मागे तीही नंबर लावून बसली. धाकटी दचकली. "काय झालं? कसली तपासणी?"

"कागद-पेन आण. सांगते ते लिहून घे."

जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या शीतकपाटाशेजारी, थोरली सांगत गेली आणि धाकटी लिहीत गेली. वाटी पुन्हा चमचा झाली. दोन पानं झाल्यावर धाकटीचं पेन थांबलं.

"एवढं पाठ कसं तुम्हाला?"

"फार आवडलं होतं."

"मग काढ का म्हणालात?"

थोरलीला दहा कारणं सुचली. सगळी छान होती. "जळले मी," ती म्हणाली. "तू लिहिलंस आणि मला दिसलंसुद्धा नव्हतं, म्हणून जळले. आजही जळतेय."

धाकटीनं पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला.

"मला आत्ता तुमचं तोंड बघवत नाहीये," ती म्हणाली. मग तिनं पेन उचललं. "पण तुम्ही उठू नका. पुढचं सांगा."

थोरलीनं शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं. एक वाक्य गाळावंसं वाटलं, सगळ्यात चांगलं, तेही सांगितलं. घरी येऊन तिनं आपली प्रत फाडली.

वर्षभर धाकटी फिरकली नाही. तिचं पुस्तक निघालं तेव्हा टपालानं एक प्रत आली, आत एक ओळ नाही. थोरलीनं ते एका बैठकीत वाचलं. सातव्या प्रकरणाशी ती पुन्हा तशीच जळली. तिनं फोन लावला आणि म्हणाली, "नवव्या प्रकरणात नवरा पार गायब झालाय गं तुझा."

पलीकडून धाकटी म्हणाली, "रविवारी येते. तेव्हा भांडू."