थोरल्याचं पिंप

“माझ्या माश्या शिसं खात नाहीत, ताई,” मामा म्हणाले. मधाची बरणी माझ्या टेबलावर आपटली नाही, एवढंच.

मधमाश्या पाळणाऱ्या या म्हाताऱ्याला आमच्या प्रयोगशाळेत सगळे मामाच म्हणतात. मागच्या तपासणीत त्यांच्या मधात शिसं निघालं होतं. आता पुन्हा निघालं तर पेट्या विका आणि माझ्याकडे येऊन राहा, असं लेकीनं बजावलेलं. “तिच्या घरी नुसतं बसून मी गंजून जाईन,” म्हणाले.

मी तशी तोंडाची फटकळ. पण आज यंत्रानं आकडा आणखी चढा दाखवला, तेव्हा मी तो जरा जपूनच सांगितला.

“मामा, मध काढता कशात?”

“थोरल्या भावानं पत्र्याचं पिंप करून दिलंय. आत पोळ्याच्या चौकटी ठेवायच्या, दांडा फिरवायचा, मध बाहेर. भाऊ गेला, पिंप अजून ठणठणीत. गळलं की डाख मी स्वतः लावतो. परवाच सगळे सांधे नव्यानं भरले, तुमची तपासणी आहे म्हणून.”

मी कपाळाला हात लावला. पत्रा सांधायला धातू वितळवून जो डाख लावतात, त्यात शिसं असतं, आणि मध कितीही गोड लागला तरी त्यात आंबटपणा असतोच. तो शिसं ओढून घेतो. माश्या बिचाऱ्या फुकट बदनाम.

“पोळ्याचा तुकडा कापून थेट काचेच्या बरणीत आणा. पिंपाला लागू देऊ नका.”

मामांना काय ते समजलं. “म्हणजे माझ्याच हातानं,” एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

तुकडा आला. मी दोनदा तपासला. शिसं नाही. फोनवर सांगितलं, तर पलीकडून नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाले, “हे लेकीला तुम्हीच सांगा. माझं ऐकेल तर शपथ.”

पुढच्या हंगामात मी पेट्या बघायला गेले. स्टीलचं नवं पिंप लेकीनंच आणलेलं, आणि दांडाही तीच फिरवत होती, तोंडानं कुरकुर चालू. झाडाखाली जुनं पिंप उलटं ठेवलेलं, पुसून लख्ख, वर घडी घातलेली चादर.

“बसा, ताई. मोडायचं नाही.”

मी बसले, सरकून जागा केली. मामा उभेच.

“तुम्ही पाहुण्या, तुम्हाला चालतं,” ते म्हणाले. “मला नाही बसवत त्याच्यावर. थोरला आहे.”