वळवलेली लाइन

...हिरवा दिवा लागलाय, म्हणजे लाइन जिवंत आहे. वायर घट्ट आहे, पिन वाकलेली नाही. मग पडद्यावरचं ते चक्र नुसतं फिरत का बसावं? हणमंतरावांनी चष्मा कपाळावर सारून मॉडेमवरचा तो मसुराएवढा दिवा पुन्हा जवळून पाहिला. टेलिफोन खात्यात चाळीस वर्षं काढली, अर्ध्या बेंगळुरूच्या मेलेल्या लाइनी खांबावर चढून शोधल्या, आणि आता घरातल्या घरात एक ब्राउझर उघडेना! काय ही कटकट. ‘या पानापर्यंत पोचता येत नाही. सेटिंग तपासा.’ अरे बाबा, तपासलं म्हणूनच तर ही वेळ आली ना!

सकाळी त्यांनी एवढंच केलं होतं. समाजाचं पान — ज्याच्या कमिटीवर धाकटा भाऊ गुंडो आहे, जिथं गणपतीचे, हळदीकुंकवाचे फोटो येतात — ते एकटं पान गेले पाच महिने उघडत नव्हतं. बाकी सगळं चालू, तेवढंच बंद. जावयाला, श्रीहर्षला, तीनदा सांगून झालं. “बघतो अप्पा. तुम्ही सेटिंगला हात लावू नका,” असं म्हणून तो हेब्बाळच्या ऑफिसला निघून जायचा. हात लावू नका म्हणे. मी काय लहान आहे? म्हणून आज, लेक आश्लेषा वरच्या खोलीत तिच्या मीटिंगला बसल्यावर, त्यांनी सेटिंग उघडलं. प्रॉक्सी नावाच्या चौकटीत कुणीतरी एक आकडा घालून ठेवला होता. तो त्यांनी पुसला. आणि तेव्हापासून एकच नव्हे, सगळीच पानं बंद झाली.

लाइन लागत नाही याची कारणं दोनच... एक तर ती तुटलेली असते, नाहीतर वळवलेली असते. नव्या पोरांना ते हेच शिकवायचे. तुटलेली सोपी, ती मुकी असते. वळवलेली मात्र वाजते, कुणीतरी उचलतं, बोलतंसुद्धा, आणि बोलणारा भलताच असतो. आकडा पुसल्यावर सगळं बंद पडतं, म्हणजे या घरातून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द त्या आकड्यावरून जातो. कुठं असेल तो? पुसलेला आकडा त्यांनी कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता — जुनी खोड, काढलेली तार कुठली ते आधी लिहायचं. तोच त्यांनी वरच्या पट्टीत टाकला. आणि हे पान मात्र झटकन उघडलं, कारण ते घरातलंच होतं. ते येत होतं टीव्हीमागच्या साबणाच्या डबीएवढ्या काळ्या डब्यातून, ज्याला ते इतके दिवस टीव्हीचाच काही भाग समजत होते.

पानावर यादी होती. ‘बंद केलेली ठिकाणं’. तीनच. समाजाचं पान, गुंडोच्या गावच्या, आनेकलच्या, बातम्यांचं पान, आणि गुंडोच्या मुलाचं, गुरुदत्तचं, फोटोंचं पान. प्रत्येकापुढं तारीख एकच, चौदा मार्च.

बारा मार्चला त्यांची बायपास झाली होती.

त्यांनी यादी परत वाचली, खालून वर. तिन्ही ठिकाणी ज्याचं नाव येईल असा माणूस एकच. त्यांचा हात शांतपणे चष्मा पुसत राहिला... म्हणजे हॉस्पिटलातून आल्यावर मोबाइलची स्क्रीन गेली म्हणून हातात दिलेला तो साधा बटणांचा फोन. बंद झालेला पेपर. सहा महिने प्रवास नको, आनेकलसुद्धा नको, आनेकल काय लंडनला आहे? आणि गुंडो आताशा फोनवर येत नाही कारण त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो मेल लिहितो. दर गुरुवारी. ‘अण्णा, गुडघा बरा आहे, तुझी पथ्यं पाळ.’ गुंडो आणि पथ्यं! जो माणूस माझ्या ताटातली भजी उचलून खायचा, तो मला पथ्यं सांगतोय पाच महिने, आणि मी खुळा दर गुरुवारी त्याला उत्तर लिहितोय.

गुंडो गेला. हे शब्द मनात आले आणि ते उठले. न ठरवता उठले, दोरीवरचा टॉवेल ओढून खांद्यावर टाकला आणि न्हाणीघराकडं चालू लागले. सख्ख्या भावाची बातमी कळली की आहे तसं उठून अंगावर पाणी घ्यायचं. बातमी महिन्यांनी कळली तरी कळल्या क्षणी. डोळे भरून आले होते आणि त्यात, खरं सांगायचं तर, एक सुटल्यासारखंही होतं. आता रडता येईल, मोठ्यानं, तोंडावर पाणी ओतत.

नळ सोडला आणि थांबले. पण कळलं कुणाकडून? मला कुणी सांगितलंच नाही. एका डब्यानं तीन नावं दाखवली एवढंच. गुंडो जिवंत असला, पाय चोळत बसला असला, आणि इकडं मी त्याच्या नावानं अंघोळ केली तर? छे छे! नळ तसाच वाहता ठेवून ते माघारी आले. टॉवेल खांद्यावरच राहिला.

विचारायचं. गुंडोलाच विचारायचं. पण त्यासाठी तो आकडा परत चौकटीत घालायला हवा, दुसरा रस्ताच नव्हता. त्यांनी घातला. चक्र थांबलं आणि सगळं जग निमूटपणे उघडलं. त्यांनी मेल लिहायला घेतला. ‘गुंडो, विहिरीत आपण काय टाकलं होतं?’

हे दोघांनाच ठाऊक होतं. तो सहा वर्षांचा, मी नऊ. खेळता खेळता टाकलं, आणि चोरीचा आळ आला धुणंभांडी करणाऱ्या अंबुबाईवर. ती पायरीवर बसून रडत होती आणि आम्ही दोघं दाराआड एकमेकांचा हात धरून गप्प. पासष्ट वर्षं गप्प. बायकोलासुद्धा कधी बोललो नाही...

ते वाक्याकडं बघत बसले. उत्तर चुकलं तर? मग त्यांनी अर्धं खोडलं आणि लिहिलं, ‘गुंडो, ती विहीर आठवते का?’ याला कुणीही ‘हो’ म्हणू शकेल. ते कळत असूनच त्यांनी मेल पाठवला. भित्रा आहेस हणमंता, नऊ वर्षांचा होतास तेवढाच.

जिन्यावर पावलं वाजली. आश्लेषा दोन्ही हातांत कॉफीचे लोटे घेऊन दारात उभी राहिली.

“अप्पा, परत अंघोळ?” ती म्हणाली. तिचे डोळे टॉवेलवर होते आणि तिथून हलत नव्हते.

“नाही ग. उकडतंय स्वल्प.”

तेवढ्यात मशीन वाजलं. गुंडोचं उत्तर. गुंडोला उत्तर द्यायला दोन दिवस लागतात, आणि हे दोन मिनिटांत. आश्लेषाचे हात तर समोर दिसतायत, लोट्यांतून वाफ निघतेय. श्रीहर्ष असेल... हेब्बाळला बसून... त्यांनी उघडलं.

‘आठवते की, अण्णा. तात्यांची तपकिरीची चांदीची डबी. अजून आतच असेल. अंबुबाईचं मात्र वाईट झालं.’

न विचारलेल्याचं उत्तर. मानेवरून काहीतरी थंड सरकलं, आणि त्याच्याच पाठोपाठ छातीत असा आनंद उसळला की त्यांनी टेबल घट्ट धरलं. गुंडो! दुसरं कोण असणार? आणि मग आठवलं — आश्लेषाच एकदा म्हणाली होती, ऑपरेशननंतर दोन दिवस तुम्ही भ्रमात होता अप्पा, अखंड बोलत होता, मी आणि हे आळीपाळीनं ऐकत बसायचो.

“आशू,” ते म्हणाले, “हॉस्पिटलात मी काय काय बोलत होतो ग?”

तिनं लोटे टेबलावर ठेवले. थोडी कॉफी सांडली होती, ती पदरानं पुसली.

“काही नाही अप्पा,” ती म्हणाली. “नुसतं पाणी मागत होता.”

ती खरं बोलत असेल तर गुंडो आहे. खोटं बोलत असेल तर नाही. ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. लहानपणापासून पाहिलेलं तोंड, आणि त्यावरचं काही म्हणता काही वाचता येईना. मघाशी गुंडो गेला होता, तेव्हा निदान रडायला मी मोकळा होतो. आता हसायचं की रडायचं हे ते एक उत्तर सांगत नव्हतं, आणि आणखी एक प्रश्न पाठवायचं धाडस... त्याचंही उत्तर बरोबरच येणार, हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

“टॉवेल द्या इकडं, वाळत घालते,” आश्लेषा हात पुढं करून म्हणाली.

“राहू दे,” हणमंतराव म्हणाले, आणि त्याचं टोक मुठीत धरून बसून राहिले. आत न्हाणीघरात सुरू राहिलेला नळ बादलीत वाहत होता.